गुप्ततेचा वकील

पाठक हिंगोली सोडून मुलाकडे पुण्याला कायमचा राहायला गेला, तेव्हा वकील संघाने त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि चार शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली. वीस-बावीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेला माणूस म्हणून. मी बोललो. दूरदृष्टी, अभ्यासू वृत्ती, जिल्ह्याचं भूषण वगैरे. निरोप समारंभात खोटं बोलायची आपल्याकडे मुभा असते आणि वकिलांना तर सवयच असते. पाठक मान खाली घालून ऐकत होता, मधूनमधून डोलवत होता. म्हणजे त्याला ते सगळं पटत होतं. त्या दिवशी जे बोललो नाही ते इथे लिहितो.

आम्ही दोघं नांदेडला एकाच वर्गात कायदा शिकलो. मी खेड्यातला, तो हिंगोलीतला. त्याचे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, आजोबा देवळात पूजा सांगायचे. दोघांकडून त्याने एकेक गोष्ट उचलली होती. वडिलांकडून फायलीला लावायची नाडी आणि आजोबांकडून, समोरच्याला काही कळत नाही हा विश्वास. पहिली बरीच वर्षं तो आमच्यासारखाच बांधाचे आणि वाटणीचे दावे चालवायचा. मग शनिवार-रविवार पुण्याला जाऊन त्याने कसलीशी पदविका केली आणि परत आला तो धर्मांतर केलेल्या माणसासारखा.

कोर्टासमोर आमच्या पाट्यांची रांग आहे. जमीन, फेरफार, पोटगी, फौजदारी. पाटीवर असं काही लिहायला मुळात परवानगी नसते, पण ते विचारायला कोण येतो. या रांगेत एका सोमवारी पाठकची नवी पाटी लागली. प्रायव्हसी, सायबर सुरक्षा व बौद्धिक संपदा. पाटी लागली त्याच दिवशी गोरेगावचे एक म्हातारे गृहस्थ पिशवीत कागद घेऊन दारात उभे राहिले.

"सायबर हेच ना? पीक विम्याचा फॉर्म भरायचा व्हता."

"हे कॅफे नाही आजोबा. मी सायबरचा वकील आहे."

"मंग तर बरंच झालं. वकिलानं भरला म्हंजी पक्का भरला जाईल. बसू का इथं?"

ते बसले. पाठकने फॉर्म भरून दिला नाही. तास वाया घालवून त्यांना आधार क्रमांक कुणाकुणाला देऊ नये ते समजावलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि उठून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात आधार देऊन फॉर्म भरला. पाठक मला म्हणाला, "हा जिल्हा उघडा आहे, कदम. अंगावर चिंधी नाही याच्या." पुढे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की तो "हा जिल्हा" म्हणाला की उरलेलं मी मनात पुरं करून टाकायचो.

स्वतःच्या गुप्ततेची मात्र तो जिवापाड काळजी घ्यायचा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोच्या पाकिटातली मरून टिकली चिकटवलेली असायची. उन्हाळ्यात ती गळून की-बोर्डवर पडली की काम थांबायचं, नवी टिकली लागेपर्यंत. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, लक्षात राहत नसे म्हणून चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. एकदा इस्त्रीवाल्याने ती चिठ्ठी कोटाबरोबर कडक इस्त्री करून दिली आणि वर म्हणाला, साहेब, अक्षर पुसट झालं होतं, म्या गिरवून ठेवलंय. फोन आला की पाठक आमच्यातून उठून इमारतीच्या मागे जायचा आणि तिथे इतक्या मोठ्याने बोलायचा की मागच्या खिडकीतून रेकॉर्ड रूमच्या बाया ऐकत बसायच्या. त्याच्या मुलीचं जमलेलं स्थळ आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आम्ही एकदा एका पाहणीच्या कामाला गेलो होतो. भूक लागली म्हणून भजी घेतली. पाठकने एक भजं तोंडात टाकलं आणि खालचा कागद पाहून थबकला. कुणा बाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, आणि फोटोतल्या कपाळावर तेलाचा डाग. पाठकने भजी बाजूला ठेवली आणि भजीवाल्याला धारेवर धरलं. हे कागद कुठून आणले, हा गुन्हा आहे, तुला आत जावं लागेल.

भजीवाला झारा हलवत शांतपणे म्हणाला, "झेरॉक्सवाला रद्दीत देतो साहेब. पर वाचून खातं का कोनी? गरम हायेत, खाऊन घ्या."

पाठकने त्याच्याकडची सगळी रद्दी विकत घेतली. गाडीच्या डिकीत भरली. लोक भोवती गोळा झाले, त्यांना वाटलं धाड पडली. मला आतून हसू येत होतं, पण खरं सांगायचं तर त्या वेळी थोडा आदरही वाटला. घरी नेऊन त्याने ते कागद बारीक फाडले असतील असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये त्याने त्यातलेच दहा-बारा कागद टेबलावर पसरले आणि प्रत्येकाला नाव वाचून दाखवलं. बघा, ही कळमनुरीची, हा सेनगावचा, याचं बँक खातं बघा. आदर तिथे संपला.

बौद्धिक संपदेची त्याची एकच केस गाजली. गोरेगावचे दोन साडू काळा मसाला विकायचे. थोरल्याने पाकिटावर सासूचा फोटो छापला, मसाला खपायला लागला. धाकट्यानेही तोच फोटो छापला. सासू दोघांची एकच, त्यामुळे हक्कही सारखाच, असं त्याचं म्हणणं. पाठक थोरल्याकडून. चाळीस पानांचा दावा, रंगाची छटा, अक्षराचं वळण, ग्राहकाची दिशाभूल, सगळं होतं त्यात. साक्षीला म्हातारी आली. न्यायाधीशबाईंनी सहज विचारलं, आजी, फोटो छापायला तुम्ही यातल्या कोणाला परवानगी दिली?

"मला कोन इचारलं बाई? धाकटीच्या लग्नातला फोटो हाय त्यो. आता बाजारात गेलं की पोरं म्हणतेत, मसाला आला, मसाला आला. मला दुकानात जायाची लाज येऊन राह्यली. काढा दोन्हीवरून."

दोन्हीवरून काढला. पाठकचा पक्षकार हरला. तरी महिनाभर पाठक सांगत होता की माणसाच्या चेहऱ्यावर त्याचाच हक्क असतो हे या भागात प्रथम मी सिद्ध केलं. दावा दाखल करण्याआधी त्या म्हातारीला जाऊन भेटावं असं त्याला का वाटलं नाही, हे मी विचारलं. तो म्हणाला, "तिला काय कळणार त्यातलं?"

हे त्याचं नेहमीचं होतं. पक्षकाराशी तो कागदापुरतं बोलायचा. कारकुनाशी टाचणीपुरतं. शिपायाशी बोलतच नसे, बोटाने बोलवायचा. कोर्टाचा शिपाई नामदेवमामा त्याच्यापेक्षा वयाने मोठा, नोकरीचं शेवटचं वर्ष चाललेलं. सगळे त्याला मामा म्हणायचे. पाठकने कधी नावही घेतलं नाही. त्याला ते माहीत होतं की नाही याचीही मला शंका आहे.

आता सिस्टरबद्दल. तिचं नाव मी लिहिणार नाही, गावही नाही. सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात ती नर्स होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, तांड्यातून शिकून आलेली घरातली पहिली मुलगी. गावातल्या मोबाईल दुकानात तिने फोन दुरुस्तीला दिला. दुकानदाराने आतले फोटो काढून घेतले आणि दोस्तांच्या मोबाईल ग्रुपवर फिरवले. फोटोंत वावगं काहीच नव्हतं. घरातले, गाऊनवरचे, केस मोकळे सोडलेले, बहिणीच्या गळ्यात पडून हसतानाचे. पण खाली लोकांनी जे लिहिलं ते वाचवत नव्हतं. पोलिसांत जायला ती तयार नव्हती. ठाण्यातले निम्मे लोक लस घ्यायला, बीपी बघायला तिच्याकडेच यायचे.

ती वडिलांना घेऊन पाठककडे आली तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होतो. तिने एकच गोष्ट मागितली.

"फोटो पुसायला लावा साहेब, आन् त्याला शिक्षा न्हाई झाली तरी चालतंय. पर माझं नाव कुटं यायला न्हाई पायजे. सध्या गावात चार-सहा जणांलाच ठाव हाय. कोर्टात नाव आलं की तांड्यापर्यंत जातं. मंग माझ्या मागच्या दोघीला शाळेत कोन धाडतंय?"

वडिलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

पाठक खुर्चीत मागे रेलला. "तुमचं नाव या कोर्टाच्या भिंतींनासुद्धा कळणार नाही," असं तो म्हणाला.

आणि त्याने काम केलं, हे मान्य करायला हवं. दुकानदाराविरुद्ध मनाई हुकुमाचा दावा लावला. वादीचं नाव कागदोपत्री घेऊ नये म्हणून अर्ज दिला. कारकून हसले, समोरचा वकील हसला, मीही हसलो. असला अर्ज आमच्या कोर्टात कुणी पाहिला नव्हता. पाठक चार तारखा भांडला, वरच्या कोर्टांचे निवाडे आणून वाचले. शेवटी हुकूम झाला. खरं नाव बंद लिफाफ्यात, आणि सगळ्या कागदांवर वादीच्या जागी फक्त 'क्ष'. त्या संध्याकाळी पाठकने बार रूममध्ये सगळ्यांना पेढे दिले. नाव सांगितलं नाही, तरी 'तांड्यातली एक नर्स' एवढं सांगितलंच. त्याशिवाय पेढ्याचं कारण कसं कळणार.

पुढच्या तारखेला सिस्टर स्वतः हजर राहणार होती. पदर डोक्यावरून घेऊन, वर स्कार्फ बांधून ती व्हरांड्यातल्या बाकड्याच्या टोकाला बसली. वडील दूर उभे, जणू ओळखच नाही, असं त्यांचं ठरलेलं. समोर दुकानदार आणि त्याचे तीन-चार दोस्त. भिंतीवर दिवसाच्या कामाचा तक्ता लागला होता आणि त्यात तिच्या दाव्यासमोर 'क्ष'.

आमच्याकडे अजून पुकारा चालतो. नंबर लागला की शिपाई दारात येऊन पक्षकाराचं नाव तीनदा ओरडतो. तिसऱ्या हाकेला कुणी आलं नाही तर गैरहजेरीत दावा काढून टाकला जाऊ शकतो. नामदेवमामाचा आवाज असा की स्टँपवेंडरच्या टेबलापर्यंत जायचा. मी सकाळी तक्ता पाहिला तेव्हा मला एक गोष्ट सुचली होती. लिफाफा, हुकूम, कागद, सगळ्यांचं झालं. पण मामाला कुणी काही सांगितलंय का? साडेदहाला मी मामाबरोबर चहा घेत होतो. दोन वाक्यांचं काम होतं. मी सांगितलं नाही. पाठकची जरा फजिती होऊ दे, दारात 'क्ष' म्हणून ओरडताना लोक हसू देत, एवढंच माझ्या मनात होतं. मला ते अजून लागतं.

"क्ष हाजिर है?" मामा ओरडला. लोक हसले.

मामा तक्त्याजवळ गेला, चष्मा लावून परत बघितलं. "क्ष कोन हाय बापा? ना गाव, ना आडनाव." दुसरी हाक दिली. हशा वाढला. मग त्याची नजर बाकड्याच्या टोकाला गेली. स्कार्फमधून फक्त डोळे दिसत होते, पण तिच्या उपकेंद्राच्या गावात राहणाऱ्या त्याच्या नातवाला पाच लसी तिनेच दिल्या होत्या. मामाला वाटलं, कारकुनाने नाव लिहिताना घोळ घातला आणि या पोरीचा दावा विनाकारण निघून चाललाय. त्याने तिसरी हाक तिच्या नावाने दिली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. पूर्ण आवाजात. आणि वर मायेने म्हणाला, "अवं सिस्टर, तुमचाच पुकारा हाय. काहून गप बसल्या? त्या कारकुनानं नाव खाल्लं बघा तुमचं. जा आत, मी हाय ना."

हसणं थांबलं. व्हरांड्यात पन्नास तरी माणसं असतील. दुकानदाराच्या एका दोस्ताने फोन वर केला. सिस्टर उठली, आत गेली, कामकाज संपेपर्यंत उभी राहिली आणि बाहेर येऊन कुणाकडेही न बघता फाटकाकडे चालू लागली. आता वडील तिच्या शेजारून चालत होते. लपवायला काही उरलं नव्हतं.

पाठक बाहेर आला तो मामाच्या अंगावर. अक्कल आहे का, नोकरी घालवतो, हा कोर्टाचा अवमान आहे. मामाला आपण काय केलं ते एव्हाना उमगलं होतं.

"साहेब, मला कुनी सांगितलं का? एक शब्द सांगितला असता तर मी तोंड शिवून घेतलं असतं. माझ्या लेकरासारखी हाय ती."

"शिपायाला काय सांगायचं असतं?" पाठक म्हणाला.

हे तो रागाने म्हणाला नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

पुढच्या तारखेला सिस्टरचे वडील एकटे आले आणि दावा पुढे चालवायचा नाही अशा लेखी निवेदनावर, म्हणजे पुरशिसीवर, अंगठा देऊन गेले. दुकानदार मोकळा सुटला. सिस्टरने बदली मागून घेतली. मागच्या दोन बहिणींचं काय झालं ते मी विचारलं नाही, विचारायचं तोंड नव्हतं. नामदेवमामा निवृत्त होईपर्यंत पुकारा करायला दारात यायचा, पण आवाज पहिल्यासारखा लागला नाही. आणि पाठक म्हणायचा, "पक्षकार कच्चा निघाला. नाहीतर हा निवाडा राज्यभर वाचला गेला असता." पुढे वकिलांच्या शिबिरात त्याने याच हुकुमावर तासभर भाषण दिलं. मी आजतागायत त्या महिलेचं नाव उच्चारलेलं नाही, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. समोर बसलेल्या प्रत्येकाला नाव माहीत होतं. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा मी हात मांडीखाली घेतले, आणि एवढाच माझा निषेध. माझ्याबद्दल मला याहून जास्त काही चांगलं सांगता येत नाही.

त्या पुकाऱ्यानंतर दोन-अडीच वर्षांनी घडलेली गोष्ट. वसमतच्या कोर्टातून आम्ही दोघं माझ्या गाडीने परत येत होतो. वाटेत चहाला थांबलो. टपरीखाली झोपलेल्या कुत्र्यावर पाठकचा पाय पडला आणि कुत्रं पोटरीला चावलं. जवळच्याच गावात आरोग्य केंद्र होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण आता लक्षात येईल.

डॉक्टरांनी जखम धुऊन घेतली आणि इंजेक्शनच्या खोलीबाहेर बसायला सांगितलं. बाहेर तीस-पस्तीस माणसं होती, बाया जास्त. दारातल्या मुलीने पाठकच्या हातात औषधाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा दिला. त्यावर स्केचपेनने चौदा लिहिलं होतं. पाठकने तिला आपलं पूर्ण नाव सांगितलं, ॲडव्होकेटसकट. ती म्हणाली, "नाव न्हाई लागत काका. नंबर लक्षात ठिवा."

शेजारच्या बाईने मला सांगितलं की पूर्वी इथे नाव आणि दुखणं, दोन्ही दारातून ओरडायचे. सगळ्या गावाला कळायचं कुणाला काय झालंय. नवी सिस्टर आली तिने हे पुठ्ठे केले. आत गेल्याशिवाय कुणालाच विचारत नाही. "लई चांगली हाय बाई. कुठली हाय, काय हाय, कुनालाच सांगत न्हाई. आमी बी इचारत न्हाई."

आतून आवाज आला, "चौदा नंबर."

आवाज मी ओळखला. पाठकने ओळखला नव्हता. तो लंगडत उठला, मी त्याला धरून दारापर्यंत नेलं. दाराला पडदा होता, पण कडीला अडकवून ठेवलेला, आणि रांग अगदी दाराला लागून. सिस्टर सिरिंज भरत होती. तिने वर पाहिलं. मग पाठकनेही पाहिलं.

तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला प्रथमच त्याची कीव आली. त्या माणसाच्या आत काहीतरी हललं होतं. दोन-अडीच वर्षं भाषणात वापरलेली गोष्ट त्याच्यासमोर ॲप्रन घालून उभी होती. त्याने हात जोडले. त्याला माफी मागायची होती, यात मला शंका नाही. आणि माफी मागायला त्याने तोंड उघडलं ते त्याच्या त्याच कोर्टातल्या, शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात.

"सिस्टर, त्या दिवशी हिंगोलीच्या कोर्टात तुमचं जे..."

"साहेब," ती म्हणाली. आवाज न चढवता. "लोकं बसलेत."

पाठकचे हात तसेच जोडलेले राहिले. मागे पंधरा नंबरची बाई मान वाकडी करून आत बघत होती. तिच्या मांडीवरचं लेकरूही बघत होतं. सिस्टर पुढे आली, कडीचा पडदा सोडला आणि मला बाहेर ठेवून ओढून घेतला. त्याखालून पाठकच्या चपला आणि तिचे पांढरे बूट एवढंच दिसत होतं.

"बाही वर करा," आतून तिचा आवाज आला. "आन् तीन दिवसांनी परत या. आलं की पुठ्ठा घ्यायचा, गप बसायचं."